पाहुणा रिकाम्या हाताने का जातो?

१

शांताबाईला तुम्ही हरवलं. ती घरून निघाली तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, कबूल. पण जामसांवलीला पोचल्यावर चार दिवस पोटात अन्न गेलं, तेव्हा तिला स्वतःचं नाव आठवलं, गाव आठवलं. मुलाचं नाव तर मनगटावरच गोंदलेलं होतं. ते सगळं तुमच्याच यंत्रात भरून ठेवलेलं होतं. तरी तिचा मुलगा आपल्या गावच्या ठाण्यात जाऊन विचारायचा आणि दर खेपेला तुमच्याकडून तेच उत्तर यायचं: नोंद नाही. राजधानीतल्या थंडगार खोलीतल्या साहेबांनो, तुमचं नाव इथे कोणालाच ठाऊक नाही. तुमच्या कागदावर नुसती वळणदार सही असते. पण जबाब तुम्हालाच द्यायचा आहे, म्हणून आधी नीट ऐकून घ्या.

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. जामसांवलीच्या मारुतीपुढे लोक आपली बिघडलेली माणसं घेऊन येतात. काही बरी होऊन परत जातात. काहींना घरचेच तिथे टाकून निघून जातात, आणि काही कुठून कशी येऊन पोचतात ते त्यांनाही सांगता येत नाही. अशांसाठी सौंसरच्या बस स्टँडमागे शोध केंद्र उघडलं. एक खोली, एक कंप्युटर, एक टेलिफोन आणि यंत्र चालवायला पांढुर्ण्याची यमुना सोमकुंवर. मॅट्रिकनंतर टायपिंग शिकलेली, घरातली पहिली पगारदार. तिच्या पगारावर म्हातारे सासू-सासरे आणि दम्याने खाटेला खिळलेला नवरा जगत होते.

काम सोपं होतं. धर्मशाळेत सापडलेल्या माणसाची माहिती यंत्रात भरायची. कोणी येऊन नाव-गाव सांगितलं, की कळा दाबायच्या आणि यंत्र त्या माणसाचं पान बनवून पडद्यावर आणायचं. रोज केंद्र बंद व्हायच्या सुमारास टेलिफोनजवळचा काळा डबा शीळ घालायचा. ते राजधानीचं यंत्र. तारेवरून यायचं, इथली माहिती वाचून न्यायचं आणि तिकडच्या मोठ्या यादीत लावायचं. राज्यातल्या कुठल्याही ठाण्यातून कोणी विचारलं, की त्या यादीत बघूनच उत्तर मिळायचं. सरकारी कागदात त्याचं नाव वाचक-यंत्र. यमुना त्याला पाहुणा म्हणायची.

त्या सकाळी खिडकीशी एक वाळकट माणूस उभा राहिला. मुलताईकडचा. नाव उत्तम.

"शांताबाई," तो म्हणाला. "माय होय माही. सांगून टाका बाई, नसंन तर नाही म्हणा. मले सवय झाली आता."

यमुनाने कळा दाबल्या. पडदा भरला.

"अजी भाऊ, हायेत ना! हिरवं लुगडं, डाव्या मनगटावर 'उत्तम' गोंदलेलं. जामसांवलीले मोतीरामजीच्या धर्मशाळेत हायेत."

तो हसला नाही की रडला नाही. त्याने काचेवर हात ठेवला, जणू आत कोणी बसलं होतं.

"हे इथं कव्हापासून लिवलेलं हाये?"

"मागच्या पावसाळ्यापासून."

"मंग मले ते लोक नाही काऊन म्हणून राहिले होते?"

यमुनाने बोटाने स्टँडवरची बस दाखवली. तो धावत जामसांवलीच्या बसमध्ये चढला आणि दुपारी परत आला तो एकटाच. हातात एक गाठोडं. शांताबाई रोज धर्मशाळेच्या फाटकात बसायची, 'आज येईन माहा उत्तम' म्हणायची. तो आला नाही. शेवटी परवा तीच त्याला शोधायला उठून गेली होती, गाठोडं मागे ठेवून.

केंद्राचे अधीक्षक प्रभाकर कळंबे यांनी तेव्हाच्या तेव्हा राजधानीला ट्रंक कॉल लावला. संध्याकाळी तार आली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि यमुनाकडे न बघता टेबलावर टाकली.

सौंसर केंद्राकडून शांताबाई नावाची नोंद कधीच आलेली नाही. नोंदी दडवल्याबद्दल यंत्रचालिकेविरुद्ध तीन दिवसांत पोलिसांत तक्रार करावी.

२

पांढुर्ण्याच्या मालती खोडे वकीलबाईंकडे लोक दोन कारणांनी जात नसत. एक, त्या तोंडावर बोलायच्या. दुसरं, अशिलाचा खोटेपणा सापडला तर फाइल अंगणात फेकायच्या. यमुना गेली, कारण दुसरीकडे कोणी दार उघडलं नसतं.

मालतीबाई अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या.

"रडायचं असंन तर आधी रडून घे. मंग बोलू."

"मी रडून नाही राहिली, बाई."

"मंग सांग. तू नावं पुसली काय?"

यमुना म्हणाली, "पुसते. पन पडद्यावरून. आतून नाही. आतून पुसलं असतं तर उत्तमभाऊले सकाळी नाव दिसलंच नसतं ना?"

अडकित्ता थांबला. "पडद्यावरून तरी कायले पुसते?"

"पयले आम्ही भिंतीवर यादी लावत होतो. लोक फाडून नेत. ज्याची बहीण नाही तर सून जामसांवलीले हाये, त्याले वाटे सोयऱ्यांनी वाचलं तर? एका बापानं तर पोरीच्या नावावर शेण फासलं होतं. मंग ठरलं, नाव उघड्यावर ठेवायचं नाही. जो विचारंन त्यालेच दाखवायचं. पडदा खिडकीकडे तोंड करून हाये, मागं बसवाले उभे असतात. म्हनून विचारनारा गेला की मी लगेच पुसते, पयलं पान लावते. वरून हुकूमबी तसाच हाये."

"पयल्या पानावर काय असते?"

"'शोध केंद्रात आपले स्वागत आहे. नाव व गाव सांगा.' बस, एवढंच. ते पान राजधानीतून कुलूपबंद हाये. त्यात एक अक्षर टाकता येत नाही."

मालतीबाईंनी सुपारी तोंडात टाकली.

"म्हंजे नाव यंत्रात हाये. अन् राजधानीत नाही. मधात कोणीतरी खाऊन राहिलं. कोण, ते पाहू. पण एक सांग, आतापर्यंत तुमच्याकडचं एकबी नाव तिकडं पोचलं नाही?"

कळंबेसाहेबांनी सकाळी सगळ्यांसमोर यमुनाच्या तोंडावर फेकलेली गोष्ट आता वकीलबाईंनाही सांगावी लागणार होती.

"एक पोचलं," ती म्हणाली. "अन् त्याच्यावरूनच ते मले चोर म्हनून राहिले."

३

प्रभाकर कळंबे केंद्रात पांढऱ्या सफारीत बसले होते. मालतीबाईंना त्यांनी खुर्ची दिली, यमुनाला नाही.

"देखो वकीलबाई, मशीन एकदम ओके आहे. गेल्या महिन्यात राजधानीचे साहेब स्वतः तपासणीला आले होते. मी त्यांना नावावर नाव विचारायला लावलं. प्रत्येक पान खटाखट आलं! साहेब खूश. शेरा लिहून गेले. मग नोंदी गेल्या कुठे?"

"तुम्हीच सांगा."

"हिने नावं विकायला काढली. कुसुम नावाची बाई होती, ऐकलं असेल. साऱ्या सौंसर केंद्रातून राजधानीत फक्त तिचीच नोंद आहे. तिचा भाऊ मोटारवाला, पैसेवाला. त्याला ठाण्यातून लगेच पत्ता मिळाला, बहिणीला घेऊन गेला. बाकीचे गरीब. त्यांची नावं हिने अडवून धरली."

"मी त्या भावाले कधी पाह्यलंबी नाही," यमुना म्हणाली.

"ऐसा सगळेच म्हणतात."

मालतीबाई यमुनाकडे वळल्या. "कुसुमचं नाव गेलं त्या दिवशी काय झालं होतं? काहीबी वेगळं?"

"काय होनार, बाई? त्या दिवशी नवऱ्याले दम्याची उबळ आली म्हनून घरून सांगावा आला. पांढुर्ण्याची बस स्टँडवर लागलीच होती. मी कुसुमबाईचं नाव कोनाले तरी दाखवून राहिली होती, तशीच उठली अन् पळाली. साहेबांनी मंग कुलूप लावलं."

"लावलं," कळंबे म्हणाले. "आणि दुसऱ्या दिवशी हिला ताकीदही दिली. मशीन तसंच उघडं टाकून गेली होती! पडदा रात्रभर पेटलेला. इतकी बेफिकीर बाई!"

मालतीबाईंनी त्या चौकोनी काचेकडे असं पाहिलं, की जणू उलटतपासणीत साक्षीदार पहिल्यांदाच अडखळला होता. पण बोलल्या दुसरंच.

"कळंबेसाहेब, ही गेली तर हिच्या जागी कोण येणार?"

कळंब्यांचं तोंड उतरलं. "तसं काही ठरलेलं नाही. माझा पुतण्या कंप्युटर शिकून आला आहे, तो भाग वेगळा."

बाहेर आल्यावर यमुनाने मालतीबाईंचा हात धरला. "त्याईनंच केलं, बाई! पुतन्यासाठी!"

"असंनही," मालतीबाई म्हणाल्या. "पण पुतण्याच्या नोकरीसाठी जो नोंदी मारंन, तो आतून मारंन. इथं तर आत सगळ्या शाबूत हायेत. चल, जामसांवलीले. शांताबाई जिथं बसत होती ते फाटक मले पाहायचं हाये."

४

फाटक कुलूप नसलेलं, साधं लाकडी. त्याच्या आत धर्मशाळा आणि मागे मोतीराम घागऱ्यांची संत्र्याची बाग. झाडांखाली बाया बसून फळं निवडत होत्या. एकीचं डोकं भादरलेलं. एक सारखी पुटपुटत होती. यमुनाने तिला ओळखलं. तिची माहिती यमुनानेच यंत्रात भरली होती. चंद्रपूरकडची मीना. मालतीबाईंच्या कपाळावरची शीर फुगली.

"मोतीरामजी, मजुरी किती देता?"

"मजुरी?" मोतीराम खाटेवरून उठलाही नाही. "दोन टाइम जेवन देतो, लुगडं देतो. याईच्या घरचे टाकून गेले, मी फेकू काय रस्त्यावर?"

"अन् घरचे सापडले तर तुमची बाग कोण निवडंन?"

खाट करकरली. मोतीराम उभा राहिला. "तोंड सांभाळून बोला. माह्या पोटात काही काळं नाही."

"तुमच्याच आवारातून केंद्राची टेलिफोनची तार जाते म्हणे. खांबही तुमच्या शेताच्या धुऱ्यावर."

हे यमुनाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तार! तार तोडली, जोडली, कोणाला कळणार? तिला वाटलं, सापडला. आता हा माणूस एकतर कबूल होईल, नाहीतर अंगावर येईल. मोतीराम दोन पावलं पुढे आलाही. पण त्याचे डोळे भरले होते.

"तार तोडायची असती तर ती म्हातारी रोज फाटकात बसे, तिले आत कोंडलं नसतं मी? मले लाज हाये थोडी. बायांकडून काम करून घेतो, हो, घेतो. पोलिसात द्या. पन तिले मीच रोज सांगत होतो, येईन तुहा पोरगा. तीन दिवस झाले, मी बाजारात गेलो अन् ती उठून तिगावच्या रस्त्यानं लागली. मी टेसनापावतर गेलो होतो. पॅसेंजर निघून गेली होती."

उत्तम तेव्हा त्याच रुळांच्या कडेने स्टेशनामागून स्टेशन विचारत फिरत होता.

परतीच्या बसमध्ये मालतीबाई एकदम म्हणाल्या, "यमुना, तुझा तो पाहुणा. शीळ रोज वाजते?"

"रोज. एकबी दिवस खाडा नाही."

"म्हंजे तार तुटत नाही. मोतीराम बागेतल्या पापाचा धनी, ह्या पापाचा नाही. कळंब्यानं आतून पुसलं नाही. तू पुसलं नाही. पाहुणा रोज येते, घर भरलेलं हाये, अन् तो रिकाम्या हातानं जाते."

"असं कसं होईन, बाई?"

"ते त्याच्याच जागेवर बसून पाहावं लागंन."

तक्रारीला आता फक्त उद्याचा दिवस आडवा होता.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मालतीबाई केंद्रात शिरल्या, यमुनाच्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन पडद्याकडे बघत राहिल्या. पडद्यावर स्वागताचं पान. मिनिटं गेली. कळंबे कंटाळले.

"वकीलबाई, काय पूजा करून राहिल्या? बटन दाबा ना."

"नाही दाबणार."

"मग नाव कसं दिसेल?"

"तेच विचारून राहिली मी. नाव कसं दिसंन?" त्या यमुनाकडे वळल्या. "पाहुणा येते तेव्हा कळा कोण दाबते?"

"कोनीच नाही. तो तारेवरून येते ना."

"तो स्वतः दाबते काय?"

"त्याले बोटं कुठं हायेत, बाई!" यमुना म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिचा हात तोंडावर गेला.



"कळंबेसाहेब," मालतीबाई सावकाश बोलल्या, "कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात उभा केला, त्याला एकही प्रश्न नाही विचारला, तर तो काय सांगेल? काही नाही. मग न्यायाधीशानं लिहावं काय, की ह्याला काही माहीत नव्हतं? तुमच्या यंत्रात पानं तयार ठेवलेली नाहीत. विचारलं की ते पान बनवते. उत्तमनं विचारलं, बनलं. तुमच्या तपासणीवाल्या साहेबांनी विचारलं, बनलं. जो जो बघायला आला, तो विचारूनच बघत होता, म्हणून प्रत्येकाला सगळं ठाक दिसलं. पाहुणा तेवढा विचारत नाही. तो येते, समोर जे पान उभं असंन ते वाचते अन् जाते. रोज त्यानं काय वाचलं? 'स्वागत आहे. नाव व गाव सांगा.' सांगायला त्याच्याजवळ नाव नाही. तो तर नावं घ्यायला आलेला!"

"पण कुसुम..."

"कुसुमच्या दिवशी ही पडदा न पुसता पळाली. तुम्ही ताकीद दिली ती त्याचीच. हिनं आयुष्यात एकदा बेफिकिरी केली, त्या दिवशी एक बाई घरी पोचली."

कळंबे खाली बसले. सफारीच्या बाह्यांनी घाम पुसत म्हणाले, "हे तुमचं म्हणणं झालं. राजधानी मानेल काय?"

"मानू नका. करून पाहा. आज तिन्हीसांजेला पाहुणा यायच्या आधी हिला शांताबाईचं पान लावू द्या. पुसायचं नाही. तुम्ही इथेच बसा, मोतीरामलाही बोलवा, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की बायांनी मिळून केलं. सकाळी मी पांढुर्ण्याच्या ठाण्यातून विचारते, सामान्य माणूस विचारते तसं."

"हुकूम आहे, पडदा साफ ठेवा."

"एक दिवस घाण राहू द्या."

कळंब्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग यमुनाकडे. मुद्दा पटलाय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि पटल्याचीच भीतीही दिसत होती. शेवटी ते उठले आणि त्यांनी खिडकीची फळी ओढून घेतली. बसवाल्यांची नजर बंद झाली.

"लावा," ते म्हणाले. "लवकर."

यमुनाने कळा दाबल्या. नाव. गाव. हिरवं लुगडं. मनगटावर गोंदण. डबा शीळ घालू लागला तेव्हा मोतीरामने हात जोडले. यमुना पडद्यासमोरून बाजूला सरकली, जसं कोणी आत येणाऱ्याला वाट देतं.

६

सकाळी पांढुर्ण्याच्या ठाण्यात हवालदाराने नाव सांगितलं आणि रिसीव्हर कानाला लावून बसला. यमुना बाकावर, नखं पदरात रुतवून. नोंद नाही म्हणाले, तर तक्रार आजच होणार होती. त्यानंतर घरी औषध कोण आणणार, हाच एक प्रश्न तिच्या डोक्यात भिरभिरत होता.

"हां जी. शांताबाई," हवालदार म्हणाला. मग गप्प. मग त्याच्या भुवया वर गेल्या. "आहे म्हणतात! सौंसर केंद्र, कालची नोंद."

"आता मीना विचारा," मालतीबाई म्हणाल्या. "चंद्रपूरकडची. मोतीरामच्या बागेत परवा डोळ्यांनी पाहिली आम्ही."

हवालदाराने विचारलं. "नोंद नाही."

मालतीबाईंनी यमुनाच्या पाठीवर थाप मारली. थाप जरा जोरातच बसली. "सुटली तू."

यमुनाला सुटल्यासारखं वाटलं नाही. ती मीनाच्या पुटपुटण्याचा विचार करत होती.

पण हवालदाराने रिसीव्हर ठेवला नव्हता. तो हात वर करून सगळ्यांना गप्प करत होता. राजधानीतली बाई पलीकडून आणखी काही सांगत होती. त्याच नोंदीशी जुळणारी विचारणा पहाटेच आणखी एका ठिकाणाहून आली होती, म्हणे. इटारसीच्या फलाटावर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी सापडलीये. नाव-गाव सांगता येत नाही, मनगट पुढे करून नुसतं 'उत्तम, उत्तम' म्हणते. रेल्वेवाल्यांनी दोन दिवस विचारून पाहिलं, यादीत काही सापडेना. आज सापडलं.

७

उत्तम आईला घेऊन केंद्रात आला. म्हातारीने खिडकीतून वाकून यंत्र पाहिलं.

"ह्यानंच मले नाही म्हटलं काय?"

"ह्यानं नाही, आजी," यमुना म्हणाली. "ह्याले कोनी विचारलंच नाही."

"मंग त्या पोट्टीचं विचारा ना. मीनाचं. फाटकात माह्यासंग बसे ते. म्हने, आजी, तुह्या पोराले सांग, तो माह्या भावाले सांगंन. तिचा भाऊ वाट पाहून राहिला असंन."

त्याच आठवड्यात तुमचा कागद आला. मालतीबाईंनी सगळा प्रयोग लिहून पाठवला होता. कळंब्यांनी, कुरकुरत का होईना, त्यावर सही केली होती, मोतीरामने अंगठा दिला होता. तुम्ही उत्तर दिलंत: पोलीस तक्रार तूर्त स्थगित. वाचक-यंत्र निर्दोष आहे, तपासणीत सर्व पाने व्यवस्थित दिसलेली आहेत. यापुढे केंद्राने पडदा साफ ठेवण्याची शिस्त काटेकोर पाळावी. कसूर झाल्यास चालिकेस सेवेतून काढण्यात येईल.

तपासणीत दिसलेली आहेत! तुम्ही विचारून पाहिलंत, म्हणून दिसली. तुमचं यंत्र ज्या जागी उभं राहतं तिथे तुमच्यापैकी एकजण, एकदा तरी, हात बांधून उभा राहिला होता काय?

यमुना रोज हुकूम मोडते. पडद्यावर एका वेळी एकच पान मावतं, म्हणून एका संध्याकाळी एकच माणूस. कळंबे काही बोलत नाहीत. फळी ओढून घेतात आणि दाराकडे तोंड करून उभे राहतात. पहिल्या दिवशी मीनाचं नाव गेलं. तिचा भाऊ आला. मग पुढची. रोज दुपार कलली की यमुनाला निवडावं लागतं, आणि एकाला घरी धाडायचं म्हणजे बाकीच्या सगळ्यांना आजची रात्र पुन्हा फाटकात बसवायचं. आज ती समोर दोन नावं घेऊन बसली आहे. एक म्हातारा, खोकला लागलेला. एक बाळंतीण. डबा आता शीळ घालेल.

ही निवड तिची नाही, साहेब. तुमची आहे. फोन लावा आणि तिला सांगा: आज कोणाचं पान ठेवायचं?